फिर्याद देवाकडे दिलीत, निकालही त्यालाच देऊ द्या

वाचकाचे पत्र:

‘मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेली आहे. तीन वर्षांपूर्वी किडनीच्या आजाराने आमचे मिस्टर गेले. दोन मुली आहेत, एक नववीत, एक सहावीत. मिस्टर गेल्यावर महिन्याभरात थोरल्या दिरांनी “वारस नोंदीचे कागद आहेत” म्हणून मला तालुक्याला नेऊन सह्या आणि अंगठे घेतले. ते हक्कसोडपत्र होते, हे मला दीड वर्षापूर्वी कळले. तोवर सातबाऱ्यावरून आमचे नाव गेले होते. विचारायला गेले तर चारचौघांत नको ते बोलले. त्या दिवसापासून मी रोज रात्री स्तोत्र १०९ वाचून प्रार्थना करत होते. गेल्या महिन्यात दिरांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली, बोलताही येत नाही. ऐकले तेव्हा आधी मला बरे वाटले. रात्री मात्र धडकी भरली. हे देवाने माझ्यासाठी केले का? माझी प्रार्थना पाप होती का? पाळक म्हणतात, क्षमा कर आणि जमिनीचा विषय सोडून दे. मी काय करू?’

प्रिय ताई,

‘ऐकले तेव्हा आधी मला बरे वाटले’ हे वाक्य तुम्ही खोडले नाहीत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. ते तसेच लिहिलेत म्हणून तुमच्याशी मोकळेपणी बोलता येईल.

मी बरीच वर्षे पाळकपदाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना जुना करार शिकवला. शत्रूला शाप देणारे स्तोत्र १०९ आले की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. ‘हे वाचायचे कसे?’ असे कोणीतरी विचारायचेच. मोठमोठ्यांनाही हा प्रश्न पडला आहे. कॅथलिक मंडळीने १९७१ मध्ये रोजच्या प्रार्थनांचे पुस्तक नव्याने रचले, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे त्यातून पूर्ण वगळली, कारण म्हणणाऱ्याच्या मनाला ती जड जातात. वगळणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण तुमच्यासारख्या बाईने जायचे कुठे? जिच्या तोंडचा घास काढून घेतला आहे, तिच्यासाठी पवित्र शास्त्रात शब्द ठेवलेले आहेत. ते तुम्ही शोधून काढलेत, यात मला पाप दिसत नाही.

आता ते स्तोत्र आपण जरा सावकाश पाहू. दीड वर्ष तुम्ही ते वाचत आहात, तरी काही गोष्टी नजरेतून सुटल्या असतील. सहाव्या वचनात शत्रूच्या उजव्या हाताला आरोप करणारा उभा राहो, असे मागणे आहे. मूळ हिब्रू शब्द ‘सातान’ आहे, आणि इथे त्याचा अर्थ न्यायालयात उभा राहून दोषारोप करणारा. शेवटचे, एकतिसावे वचन पाहा. तिथेही कोणीतरी उजव्या हाताला उभा आहे. तो परमेश्वर आहे, आणि ज्याला लोक दोषी ठरवू पाहतात त्या दीनाला सोडवायला तो उभा राहिला आहे. म्हणजे हे सगळे स्तोत्र एका न्यायालयात घडते. त्यात कोणाच्या हातात तलवार नाही. एक माणूस न्यायाधीशापुढे उभा राहून जिवाच्या आकांताने आपली बाजू मांडतो आहे. चौथ्या वचनात तो म्हणतो की मी प्रेम केले आणि त्यांनी त्याच्या बदल्यात वैर केले, आणि पुढे हिब्रूत फक्त दोन शब्द येतात: ‘वा-अनी तफिल्ला’. मी मात्र प्रार्थना. ‘मी प्रार्थना करतो’ असे क्रियापदही नाही तिथे. माणूसच प्रार्थना होऊन गेला आहे. तुमचे दीड वर्ष असेच गेले असावे, असे मला वाटते.

सहापासून एकोणिसाव्या वचनापर्यंतचे शाप मुळात कोणाचे, याबद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे. आधी शत्रू अनेक आहेत आणि मध्येच हिब्रू एकवचनात शिरते. म्हणून काही जण म्हणतात की हे शाप शत्रूंच्याच तोंडचे असून स्तोत्रकर्ता ते न्यायाधीशाला ऐकवतो आहे. मला स्वतःला हे पुरते पटलेले नाही. ते त्याचेच शब्द असावेत, असे मी धरून चालते.

नववे वचन मात्र मला तुमच्याबरोबर बसून वाचावेसे वाटते. त्याची मुले पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो. हे स्तोत्रकर्त्याच्या मनचे नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्रात हेच कलम आहे: विधवेला आणि पोरक्याला गांजू नका. गांजलेत आणि त्यांनी माझ्याकडे हाक मारली तर मी ती नक्की ऐकेन, माझा कोप पेटेल, आणि तुमच्या बायका विधवा होतील, तुमची मुले पोरकी होतील. म्हणजे स्तोत्रकर्ता न्यायाधीशापुढे कायद्याच्या कलमावर बोट ठेवतो आहे. (पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. हिब्रू शिकून केडगावला बसून त्यांनी सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. त्या या कलमापाशी आल्या असतील तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.) तुमचा आधार पक्का होता, ताई. पण त्याच ओळीने तुम्ही रोज रात्री तुमच्या जाऊबाईंसाठी वैधव्य मागत होतात. वैधव्य काय असते ते त्या घरात तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. मला वाटते, तुम्हाला रात्री धडकी भरली ती इथे. ती देवाच्या भीतीने भरली असे मी म्हणणार नाही. तुमचे मन जागे आहे, म्हणून ती भरली.

आता पहिला प्रश्न. देवाने हे तुमच्यासाठी केले का?

ईयोबाचे पुस्तक काढा. ईयोब राखेत बसला आहे, अंगभर फोड आहेत, मुले गेली आहेत. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. सात दिवस ते गप्प बसतात, आणि त्यांनी केलेले तेवढेच शहाणपणाचे काम. तोंड उघडतात तेव्हा तिघांचे म्हणणे एकच असते: तुझ्यावर हे आले म्हणजे तू काहीतरी केले असणार. आजार पाहिला आणि त्यावरून निकाल वाचला. पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर बोलतो तेव्हा त्याचा राग ईयोबावर नाही, या तिघांवर आहे. इतकी कठोर भाषा वापरून देवाशी भांडलेला ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, आणि माझी बाजू घेणारे तुम्ही मात्र नाही, असे तो त्यांना सांगतो.

तुमच्या मिस्टरांची किडनी गेली तेव्हा गावात कोणी काही बोलले नव्हते का? कुठल्या तरी चुलीपाशी कोणीतरी ‘काय केले असेल बाई यांनी’ म्हटलेच असेल. ते कानावर आले तेव्हा तुम्हाला काय वाटले ते आठवा. दिरांचे अंग गेले हा जर निकाल असेल, तर मिस्टरांचा आजारही निकाल ठरतो. तो निकाल नव्हता हे तुम्हाला पक्के माहीत आहे. मग हाही वाचू नका. साठीच्या आसपासच्या माणसांना अर्धांगवायू होतो. रक्तदाब, साखर, तंबाखू, काय काय असेल. तुमच्या प्रार्थनेने रक्ताची गुठळी झाली नाही.

देव न्याय करतच नाही, असे मी म्हणत नाही. हिब्रू शास्त्र हातात घेऊन तसे म्हणताच येणार नाही. मी एवढेच म्हणते की निकाल कुठला, कधी लागला, हे ओळखण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही.

न्याय या शब्दाविषयीच थोडे सांगते, कारण आपल्या मंडळ्यांत न्यायाचा दिवस म्हटले की लोक मान खाली घालतात. हिब्रूत न्याय करणे म्हणजे ‘शाफात’. त्यावरून ‘शोफेतीम’, ज्याला आपल्या मराठी शास्त्रात ‘शास्ते’ म्हणतात. गिदोन, दबोरा, इफ्ताह हे सारे शास्ते. पण शास्त्यांचे पुस्तक वाचा, खटले चालवताना ते क्वचितच दिसतात. चिरडलेल्यांना ते सोडवताना दिसतात. मोडलेले पुन्हा जागेवर बसवणे हा त्या शब्दाचा गाभा आहे. म्हणून स्तोत्र ९६ मध्ये परमेश्वर न्याय करायला येतो म्हटल्यावर शेत उल्हासते आणि रानातली झाडे गातात. न्यायाधीश येणार म्हणून शेताला आनंद का व्हावा? हे इतरांना समजावून सांगावे लागते. ज्या बाईचे शेत गेले आहे तिला ते सांगावे लागत नाही.

आणि शेताचाच विषय आहे तर पहिल्या राजे पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातल्या नाबोथाकडे येऊ. इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन मी देणार नाही, असे नाबोथ म्हणाला. मग ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाला दगडमार करून ठार केले. कागद, मोहर, साक्षीदार. तुमच्या गोष्टीत आणि या गोष्टीत किती थोडे अंतर आहे! अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर तिथे एलीया संदेष्टा उभा. कोकणातले आपले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल लोक, मलिदा करून ज्याची आठवण काढतात तोच एलीया. त्याचा पहिला सवाल: तू खून करून वर वतनही बळकावलेस का?

या सबंध अध्यायात नाबोथाला ‘जाऊ दे रे, एक मळाच तर आहे’ असे देवाच्या बाजूचे कोणीही म्हणत नाही. तुमचे पाळक चांगल्या मनाने बोलले असतील, पण क्षमा करणे आणि वतन सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तुमच्या मनातली आहे आणि ती तुमच्या वेळेने येईल. जमीन तुमच्या मुलींची आहे. ती सोडून द्यायला ती तुमची एकटीची नाहीच.

त्याच अध्यायाचा शेवट लोक बहुधा वाचत नाहीत. शाप ऐकून अहाबाने कपडे फाडले, अंगावर गोणपाट घेतले, उपास केला, खाली मान घालून फिरू लागला. आणि परमेश्वर एलीयाला म्हणतो, पाहिलेस का, अहाब कसा नमला आहे? मी याच्या हयातीत हे अरिष्ट आणणार नाही. शिक्षा पुढे गेली! एलीयाला हे ऐकून काय वाटले ते शास्त्र सांगत नाही. न्यायाधीश निकाल पुढे ढकलू शकतो, बदलू शकतो, आरोपीच्या डोळ्यांतले पाणी पाहून थांबू शकतो, आणि त्याआधी तो फिर्यादीला विचारत नाही. देवाच्या न्यायातली हीच गोष्ट सोसायला सगळ्यात अवघड आहे.

योना संदेष्ट्याला ती सोसली नाही. निनवे ही अश्शूरची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळची. अश्शुरी फौजांनी उत्तरेचे इस्राएल राज्य पुसून टाकले आणि इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदाची गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. त्या शहराविषयी शास्त्रात दोन छोटी पुस्तके आहेत. नहूमाच्या पुस्तकात निनवेच्या पाडावाचा उघड आनंद आहे. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेलच्या आणि मेदी लोकांच्या फौजांनी ते शहर खरोखर जमीनदोस्त केले. योनाच्या पुस्तकात तेच शहर पश्चात्ताप करते आणि वाचते, आणि संदेष्टा रागाने मरण मागतो. गंमत पाहा, दोन्ही पुस्तके प्रश्नावर संपतात. नहूमाचा प्रश्न अश्शूरच्या राजाला आहे: तुझ्या दुष्टपणाचा तडाखा बसला नाही असा कोण उरला आहे? योनाच्या शेवटी प्रश्न देवाचा आहे: ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्याची मी कीव करू नये काय? ज्यांनी ही पुस्तके जपली त्यांनी दोन्ही ठेवली. यहुदी लोक वर्षातल्या सर्वात मोठ्या उपासाच्या दिवशी दुपारी सभास्थानात योनाचे पुस्तक वाचतात, म्हणजे स्वतःसाठी क्षमा मागण्याच्या दिवशीच शत्रूला मिळालेली क्षमा ऐकतात. तुमच्याही मनात नहूम आणि योना दोघे राहोत. एकाला हाकलू नका.

तलमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक गोष्ट आहे. रब्बी मेईर यांच्या शेजारी काही गुंड राहत आणि त्यांना फार छळत. ते मरावेत म्हणून रब्बींनी प्रार्थना केली. त्यांची पत्नी बरूरिया विद्वान होती. ती म्हणाली, कशाच्या आधाराने? स्तोत्र १०४ च्या शेवटी पापी नाहीसे होवोत असे आहे म्हणून? तिथे ‘पापी’ असे न वाचता ‘पापे’ असे वाचा. पापे संपली की दुष्ट उरणारच नाहीत. ते सुधारावेत अशी प्रार्थना करा. रब्बींनी तशी केली, आणि ती माणसे बदलली. मला या गोष्टीत बरूरियाइतकेच रब्बी मेईरही आवडतात. त्यांनी आधी खरी प्रार्थना केली आणि मग घरातल्या बाईचे ऐकले.

माझेही थोडे सांगते. माझा धाकटा भाऊ रात्री मोटारसायकलवरून घरी येताना महामार्गावर गेला. धडक देणारी गाडी थांबली नाही आणि पुढे सापडलीही नाही. कितीतरी महिने प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे’ ही ओळ आली की माझे ओठ मिटायचे. त्या दिवसांत मी स्तोत्र ५८ वाचायचे, देवा, त्यांचे दात पाड. दुसरे काही म्हणता येत नव्हते. रोज म्हणून म्हणून एके दिवशी लक्षात आले की त्या न दिसलेल्या ड्रायव्हरविषयी मी देवाशी बोलते आहे, भिंतीशी नाही. राग कमी झाला असे नाही, पण तो माझ्याजवळ एकट्याने राहिला नाही.

आता काय करायचे ते सांगते.

जमिनीचे काम थांबवू नका. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, आणि फसवून घेतलेले हक्कसोडपत्र रद्द करून मागता येते. पण फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. त्यातले दीड वर्ष गेले आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती पतीच्या मालमत्तेतला एक-तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि दोन-तृतीयांश मुलांचा. तुमच्या सहीने मुलींचा हिस्सा खरोखर गेला का, हे वकिलाला वेगळे विचारा. पैशाची अडचण असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. दीर आजारी आहेत म्हणून दावा लावणे निर्दयपणाचे होईल, असे मनात येईल. तसे नाही. दावा म्हणजे तुमचे स्तोत्र १०९ वेशीतल्या पंचांपुढे नेणे. जुन्या इस्राएलात न्यायनिवाडा गावाच्या वेशीतच व्हायचा.

आणि दिरांना भेटायला जा. आजच नको, पण जा. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात लिहिले आहे की तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर तसेच पुढे जाऊ नकोस, त्याच्याबरोबर ते उचल. रब्बींनी यावर विचार केला की मित्राच्या गाढवावरचे ओझे उतरवायचे असेल आणि शत्रूच्या गाढवावर लादायचे असेल, तर आधी कोणाकडे जावे? त्यांचे उत्तर: शत्रूकडे, म्हणजे आपले मन ताब्यात येते. त्या नियमात शत्रूवर प्रेम करायला सांगितलेले नाही, त्याच्याशी बोलायलाही नाही. ओझ्याला हात लावायचा, इतकेच. तुमच्या बाबतीत ते ओझे जाऊबाईंच्या डोक्यावर आहे. आजाऱ्याची कूस बदलणे, मालिश, चमच्याने भरवणे, रात्रीची जागरणे. हे सगळे तुम्ही मिस्टरांसाठी केले आहे. त्यांना यातले काही माहीत नसेल. एखादा डबा घेऊन जा, पाठीला घासून जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे ते दाखवा, आणि परत या. जमिनीचा विषय तिथे काढू नका. त्यांनी काढला तर ‘ते न्यायालयात बोलू’ म्हणा. दिरांच्या डोळ्यांत पाणी आले तर त्याचाही अर्थ लावत बसू नका. अशा आजारात माणसाला रडू आवरत नाही.

रात्रीच्या प्रार्थनेचे विचारले नाहीत, तरी सांगते. स्तोत्र १०९ सोडू नका. सध्या मात्र एकविसाव्या वचनापासून वाचायला घ्या. ‘पण तू, हे परमेश्वरा’ इथून. त्यात तो म्हणतो की माझे अंतःकरण घायाळ झाले आहे, मी कलत्या सावलीसारखा सरतो आहे, टोळासारखा झटकला गेलो आहे. दीड वर्ष तुम्ही दिरांविषयी खूप सांगितलेत. स्वतःविषयी देवाला अजून फारसे सांगितलेले दिसत नाही.

वकिलाशी बोलणे झाले की कळवा. थोरली नववीत आहे म्हणालात, तिला जमिनीचे सगळे माहीत आहे का, तेही लिहा.

तुमची ताई